तात्याबाचं तांबडं टोपडं

कळस गावच्या तात्याबाला कुणी बोडक्या डोक्यानं पाहिलं असेल, तर ते कुणीतरी मेल्यावरच. एरवी सकाळी अंथरुणातून उठला, की तोंडावर पाणी मारायच्या आधी तो पटका गुंडाळायचा. तांबडाभडक, लांबलचक पटका. त्याला आरसा लागायचा नाही. एक टोक दातांत धरायचं आणि बाकीचं हातासरशी डोक्यावर चढत जायचं. बायको कौसल्या म्हणायची, "ह्यो बाबा माझ्याबिगर ऱ्हाईल, पर पटक्याबिगर न्हाय ऱ्हायचा." आणि तिचं काही चूक नव्हतं.

बोडकं डोकं म्हणजे घरात सुतक, हे त्या मुलखात लेकरालाही शिकवावं लागत नाही. तात्याबाच्या बाबतीत तर ते जास्तच खरं होतं, कारण गावातल्या मयताचा सांगावा न्यायचं काम त्याच्याकडे होतं. ते त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं. बापामागं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेला माणूस. कॅनॉलचं पाणी आलं, माळाचा ऊस झाला, मेंढरांना चरायला बांधसुद्धा उरला नाही, तेव्हा त्यानं कळप मोडला आणि सायकल घेतली. कॅरियरला कातर बांधून तो गावोगाव दुसऱ्यांची मेंढरं कातरायला जायचा. त्यामुळं त्याला सगळ्या वाटा माहीत आणि वाटेवरची सगळी घरं माहीत. गावात फोन एकच, तोही सोसायटीत, आणि माणूस मरायच्या वेळी तो हमखास आधीच मेलेला असायचा. मग तात्याबाला हाक यायची.

सांगावा न्यायची त्याची एक रीत होती. गावाची शीव ओलांडली, की पटका उतरवून खांद्यावर टाकायचा आणि तशाच बोडक्या डोक्यानं पायडल मारत जायचं. पाव्हण्यांच्या दारात सायकल लावून उभं राहायचं. बोलायचं काहीच नाही. घरातलं माणूस बाहेर यायचं, त्याच्याकडं बघायचं, मटकन खाली बसायचं आणि एवढंच विचारायचं, "कोण?" तात्याबा नाव सांगायचा. गेला, वारला, मेला हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. ते काम त्याचं डोकंच करायचं.

तर असं हे डोकं शहाण्णव सालच्या गाळपाच्या हंगामात फुटलं.

शेळगावाहून येताना मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. टेप मोठ्यानं लावलेला, पुढं-मागं दिवा नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. त्या उसानं तात्याबाला रस्त्यावरून झाडून टाकलं. तो पुलाच्या कठड्यावर आपटला. बारामतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पटका रक्तानं भिजला होता, पण मुळातच तांबडा असल्यामुळं बराच वेळ कुणाच्या ते ध्यानातच आलं नाही. तात्याबा वाचला. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साकळलं होतं ते विरलं, पण पुन्हा त्याच जागी मार बसला तर मला विचारायला येऊ नका.

त्या दवाखान्यात तात्याबाची धाकटी लेक नर्स होती. तिचं नाव नकोशी. तीन मुलींवर चौथी मुलगीच झाली, तेव्हा देवाला समजावं म्हणून ठेवलेलं नाव. देवाला ते समजलं की नाही कुणास ठाऊक, पण थोरल्या तिघी आपापल्या सासरी रमल्या आणि बापाच्या उशाशी बसायला उरली ती हीच. हंगाम सुरू झाला, की तिच्या वॉर्डात सायकलवाले यायला लागायचे. काही चालत घरी जायचे, काहींना न्यायला जीप यायची. ते बघून बघून तिचा जीव उडाला होता. तिनं बापासाठी एक हेल्मेट आणलं. सायकलवाल्यांचं हलकं हेल्मेट वेगळं असतं असं दुकानदार म्हणाला, पण ते बारामतीत कुठलं मिळायला! तिनं मोटारसायकलवाल्यांचंच घेतलं. बापाचा पटका तांबडा म्हणून हेल्मेटही शोधून शोधून तांबडं घेतलं.

तात्याबानं ते हातात घेतलं, उलटं केलं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ह्यात पेंड भिजवायला बरं हाय."

"तात्या, चेष्टा नगं," नकोशी म्हणाली. "शिर सलामत तो पगडी पचास. सायकलीवर हेल्मेट घातल्याशिवाय फिरलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. माझी शपथ घ्या."

लेकीची शपथ म्हणजे अवघड जागेचं दुखणं. तात्याबानं जरा विचार केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "सायकलीवर हेल्मेट घातल्याबिगर न्हाय फिरायचा. शपथ."

आणि त्यानं शपथ पाळली. दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट सायकलीवर घातलं. म्हणजे सायकलीच्या पुढच्या दिव्यावर. दिवा आत, हेल्मेट वर, पट्टा हँडलला घट्ट आवळलेला. स्वतःच्या डोक्यावर पटका. कौसल्यानं कपाळावर हात मारून घेतला, पण हा गडी म्हणाला, "सायकलीवर घाला म्हणली पोरगी. सायकलीवरच घातलंय. आता काय ते दिव्याचं न् तिचं."

असं कितीतरी दिवस चाललं. एकदा नकोशी सुट्टीला म्हणून एस.टी.नं आली. फाट्यावर उतरली आणि समोरून बाप येताना दिसला. डोक्यावर पटका, दिव्यावर हेल्मेट. फाट्यावरची माणसं खो खो हसली. तात्याबाही हसला. नकोशी हसली नाही. पिशवी खाली ठेवून ती तिथंच मैलाच्या दगडावर बसली आणि चारचौघांत हमसून रडायला लागली.

"आगं उठ, लोकं बघत्यात," तात्याबा कानकोंडा होऊन म्हणाला.

"बघू द्यात. माझं नाव नकोशी ठिवलं, मी कधी काय बोलले का? तुमाला मी नको व्हते, तात्या. पर मला तुमी पायजे हाय."

तात्याबानं मुकाट्यानं पटका सोडला, दिव्यावरचं हेल्मेट काढलं आणि डोक्यात घातलं. नकोशीनं डोळे पुसले आणि शपथ नव्यानं बांधून घेतली. वकिलानंसुद्धा इतकी घट्ट बांधली नसती. हेल्मेट डोक्यावर, दुसऱ्या कशावर नाही. पट्टा हनुवटीखाली. घराच्या दारापासून जिथं जायचं त्या दारापर्यंत, मध्ये कुठं काढायचं नाही. तात्याबाला पळायला बीळच ठेवलं नाही.

मग हाल सुरू झाले. उन्हात डोकं उकडून निघायचं. घाम डोळ्यांत उतरायचा. कुणी राम राम घातला तर ऐकू यायचं नाही, आणि माणसं म्हणायची, तात्याला मस्ती आली. कुत्री तर जन्माचा दावा साधल्यासारखी मागं लागायची. पटक्यावरच हेल्मेट घालायचा प्रयत्न केला, ते बसेना. हेल्मेटवर पटका गुंडाळून बघितला, तर डोकं कणगीएवढं झालं आणि कौसल्या हसता हसता चुलीपुढं आडवी झाली. शेवटी पटका घडी करून पिशवीत घालायचा, हेल्मेट डोक्यावर, असं ठरलं. आणि ह्या साध्या सोयीतून पुढचं सगळं रामायण घडलं.

शेळगावात तात्याबाची धाकटी बहीण मुक्ताबाई राहायची. हेल्मेट घातल्यावर पहिल्यांदाच तो त्या गावाला मेंढरं कातरायला गेला होता. तहान लागली म्हणून बहिणीच्या दारात सायकल लावली. उकाड्यानं जीव हैराण झालेला, म्हणून आधी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि घाम पुसत उभा राहिला. पटका पिशवीत. मुक्ताबाई सूप घेऊन बाहेर आली. बघते तर भाऊ दारात, बोडक्या डोक्यानं, तोंड लालबुंद, डोळे पुसतोय.

तिनं सूप टाकलं आणि हंबरडा फोडला. कौसल्या महिनाभर खोकत होती हे तिला माहीत होतं, त्यामुळं "कोण?" विचारायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही. "माझी वैनी गं!" म्हणून तिनं जी जमीन धरली, ती सोडेचना.

"आगं, कोण मेलं न्हाय!" तात्याबा ओरडला.

"आता काय सांगतूस रं दादा! माझी लक्षिमी गं!"

आजूबाजूच्या बाया धावल्या. त्यांनी तात्याबाचं डोकं बघितलं आणि त्याही बसल्या. रडण्याच्या त्या कालव्यात तात्याबा ऊर फुटेस्तोवर सांगत होता, टोपडं काढलंय, नुसतं टोपडं काढलंय, पण ते ऐकून बाया आणखीच कळवळल्या. दुःखानं गडी भ्रमिष्ट झाला म्हणाल्या. तेवढ्यात मुक्ताबाईचा लेक संभाजी शेजारची जीप काढून, मामीच्या मातीला गाठायचं म्हणून, चार माणसं घेऊन कळसला निघालासुद्धा.

इकडे कळसमध्ये कौसल्या अंगणात डाळ पाखडत होती. दारात जीप थांबली, आतून शेळगावची माणसं उतरली, तीही रडत. नवरा सकाळी शेळगावलाच गेलेला. तिला दुसरं काय वाटणार? तिनं थेट संभाजीच्या गळ्यात पडून टाहो फोडला, "माझं कुंकू गं!" संभाजीला काही सुचेना. मामीच्या मयताला आलो आणि मामीच गळ्यात पडून रडतीया. पण रडणाऱ्या बाईला नको म्हणता येत नाही, म्हणून तोही रडला. जिवंत बायकोच्या आणि जिवंत नवऱ्याच्या नावानं दोन गावं अशी रडत बसली, आणि सगळ्यांच्या मधे तात्याबा बोंबलत फिरत होता. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं हेल्मेट उकिरड्यावर टाकलं. मग शपथ आठवली आणि शिव्या देत ते परत आणलं.

ही गोष्ट तालुकाभर झाली. आणि तात्याबाचं डोकं हा गावाचा विषय झाला. हे त्याला सगळ्यात जड गेलं. माणसाचं डोकं त्याचं स्वतःचं. पण सिद्धूच्या सायकल दुकानापुढच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी त्याच्यावर चर्चा व्हायची, आणि तात्याबाला पंक्चर काढायला तिथंच जावं लागायचं.

चर्चेचा पुढारी आबाजी. हा दूधवाला. पांढरी टोपी, सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या, सकाळ-संध्याकाळ शेळगावाकडून दूध आणून गावात रतीब. तात्याबाचा लहानपणापासूनचा जोडीदार, आणि म्हणूनच त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"तात्या, आरं टोपडं कुणाला घालत्यात? पाळण्यातल्या लेकराला. सात हाताचा पटका असताना तुला काय धाड भरलीया? त्या पटक्यानंच तर वाचीवलं तुला."

"पटक्यानं वाचीवलं व्हय? त्याचा लोंबता शेव उसात अडकला म्हणून तर वढला गेलो मी," तात्याबा म्हणायचा.

"मग शेव आखूड ठिव! त्यापायी पगडी सोडत्यात व्हय? लेक म्हणती शिर सलामत तो पगडी पचास. खरं हाय. पर पगडीच न्हाय तर त्या शिराला इचारतंय कोण?"

बाकड्यावर हशा पिकायचा. मग दादासो मास्तर चष्मा सारखा करायचे. शाळेत शिकवून त्यांची हौस फिटलेली नसायची. "मुद्दा तो नाही," ते म्हणायचे. "ट्रॉलीला मागं दिवा नाही, ड्रायव्हरला लायसन नाही, आणि हेल्मेट कुणी घालायचं? तर सायकलवाल्यानं! चोर सोडून संन्याशाला फाशी. उद्या एखादा सायकलवाला मेला, की ट्रॅक्टरवाला म्हणेल, त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं. झाला मोकळा. तात्याबा, तू हे घालून आम्हा सगळ्यांना गोत्यात आणतोयस."

तात्याबाला मास्तरांचं म्हणणं पटायचं, हीच तर पंचाईत होती. ट्रॉलीला दिवा पाहिजे हे खरं. पण दिवा लागेपर्यंत डोक्याचं काय करायचं? ते कुणी सांगत नव्हतं. सिद्धू म्हणायचा, हॉर्न ऐकायला येत नाही. कुणी म्हणायचं, मरण यायचं तर घोंगडीतसुद्धा येतं. ज्यांच्याकडं सायकलही नव्हती तेसुद्धा मत देऊन जायचे. गावात नळ नाही, दवाखान्याला डॉक्टर नाही, शाळेचं छप्पर गळतंय, त्याच्यावर कुणाला मत नाही. तात्याबाच्या डोक्यावर मात्र सगळ्यांना.

"बास करा की रं!" एकदा तो खेकसला. "मला फकस्त येवढं सांगा, आता सांगावा कसा न्यायचा? ह्ये घालून गेलो तर कुणाला कळायचं न्हाय. काढून गेलो तर शपथ मोडती."

"ज्याचा न्यायचा त्यालाच इचार," आबाजी म्हणाला. मग हसू आवरत पुढं बोलला, "माझा सांगावा घिऊन जाशील तवा तेवढं घालू नगंस बाबा. माझी जयवंता हसंल तुला."

जयवंता ही आबाजीची एकुलती लेक, शेळगावात दिलेली. तात्याबाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. बाकडं पुन्हा हसलं आणि तात्याबा चाकात हवा न भरताच निघून गेला.

पण गंमत पुढंच आहे. पावसाळा सरत आला तेव्हा एके दिवशी आबाजीनं तात्याबाला ओढ्याच्या पुलावर गाठलं. इकडं तिकडं बघितलं. दुधात पाणी घातल्याची कबुली द्यावी तशा आवाजात म्हणाला, "तात्या, तुझी नकोशी... आनखी एक आणंल का रं? त्ये?"

"काय त्ये?"

"त्येच. टोपडं."

तात्याबाला आधी हसावं की ह्याच्या थोबाडीत द्यावी ते कळेना. आबाजी खाली मान घालून सांगत होता. परवा खताची ट्रॉली किटलीला घासून गेली. जयवंतानं ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. कुणाला सांगू नकोस, तुझ्या पाया पडतो. तात्याबानं कुणाला सांगितलं नाही. नकोशीनं दुसरं हेल्मेट आणलं, ह्या वेळी पांढरं, टोपीच्या रंगाचं. आणि आबाजीचा दुहेरी कारभार सुरू झाला. गावात टोपी. ओढा ओलांडला, की टोपी खिशात, पिशवीतून हेल्मेट डोक्यावर. शेळगावापर्यंत आणि परत येताना ओढ्यापर्यंत घालायचं. ओढ्यावर उतरून काढायचं, पिशवीत दडवायचं, टोपी सारखी करायची आणि सिद्धूच्या बाकड्यावर बसून तात्याबाची टिंगल करायची.

"तुला लाज कशी वाटत न्हाय रं?" तात्याबा एकदा पुलावर त्याची सायकल धरून बोलला. "तिकडं घालतूस, हितं मला हसतूस. आन् ट्रॅक्टर काय ओढ्यापलीकडंच असत्यात व्हय? गावात शिरताना तर वळण हाय, तितं न्हाय का येत?"

"आरं गावात हळू चालीवतो मी."

"तू हळू चालीवतूस. त्ये चालीवत्यात का?"

"हसत्यात रं माणसं," आबाजी म्हणाला. "तुला सोसतं. मला न्हाय सोसत."

"हसणारी माणसं म्हंजी कोण? तूच की!"

आबाजीनं पिशवीचं तोंड आवळलं. टोपी नीट बसवली आणि गेला. तात्याबा चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी आबाजीनं न सांगता डबाभर खरवस पाठवला, तेव्हा पुन्हा बोलणं सुरू झालं. त्या पावसाळ्यात सुदैवानं गावात कुणी गेलं नाही, आणि सांगाव्याचा प्रश्नही निघाला नाही.

दिवाळी झाली, साखर कारखान्याचा बॉयलर पेटला आणि रस्त्यावर पुन्हा ट्रॉल्या आल्या. एका सकाळी तात्याबा परड्यात शेळीला पाला टाकत होता, तेवढ्यात वेशीकडून ओरडा ऐकू आला. तो पळत गेला. वळणावर ट्रॅक्टर आडवा उभा, ड्रायव्हर पळालेला, रस्त्यावर दूधच दूध. शेळगावाहून दूध घेऊन येताना किटलीला ट्रॉलीचा धक्का लागून आबाजी पडला होता. अंगाला कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. डोकं तेवढं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं होतं. तो हलत नव्हता. पांढरी टोपी जवळच पडली होती. ओढा तिथून हाकेच्या अंतरावर.

हँडलला पिशवी होती. सिद्धूनं ती काढली, आत हात घातला आणि हेल्मेट बाहेर काढलं. नवंकोरं, पांढरं, एक ओरखडा नाही.

"ह्ये कुणाचं?" सिद्धूनं विचारलं.

कुणाला काही कळेना. मग हळूहळू कळलं आणि माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आणि काय सांगावं, मढं अजून रस्त्यात आणि कुणीतरी म्हणालं, "घातलं असतं तर..." दुसरा म्हणाला, "घातलं असतं तरी काय, येळ आल्यावर..." दादासो मास्तर रडत रडत म्हणत होते, "दिवा नाही, लायसन नाही, मी सांगत होतो." सगळंच खरं होतं आणि त्यातल्या कशानंही आबाजी उठणार नव्हता.

"गप बसा!" तात्याबा असा ओरडला, की त्याचा आवाज फाटला. "मेल्यावर तरी सोडा की रं त्याचं डोकं!"

मग कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, जयवंताला सांगावा धाडायला पाहिजे. सगळ्यांनी तात्याबाकडं बघितलं.

तो घरी आला. सायकल काढली. दारात उभा राहिला. खुंटीला पटका होता, खाली हेल्मेट. रीत म्हणत होती, शिवेपर्यंत पटका, पुढं बोडकं. शपथ म्हणत होती, दारापासून दारापर्यंत हे. आणि आबाजी म्हणाला होता, माझ्या सांगाव्याला तेवढं घालू नगंस. तात्याबाच्या डोक्यात असा संताप उसळला, की त्याला कुणाला शिव्या द्याव्यात तेही समजेना. ट्रॅक्टरवाल्याला, बाकड्याला, की त्या मेलेल्या मित्राला. "न्हाय ऐकायचा तुझं," तो मोठ्यानं म्हणाला. हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा आवळला, पटका पिशवीत टाकला आणि निघाला. काचेमागं डोळे वाहत होते, ते रस्त्यानं कुणाला दिसले नाहीत. ओळखीची माणसं नेहमीसारखी हात करत होती.

शेळगावात जयवंता अंगणात भांडी घासत होती. सायकल बघून तिचं तोंड उजळलं.

"या तात्या, या! आज सकाळीच? बसा, च्या ठेवते."

तात्याबानं सायकल लावली. पट्टा सोडला, हेल्मेट काढून हातात धरलं आणि बोडक्या डोक्यानं दारात उभा राहिला. आयुष्यभर जसा उभा राहायचा तसा. जयवंतानं बघितलं आणि हसली. मुक्ताबाईच्या दारातली ती गंमत झाल्यापासून तात्याच्या बोडक्या डोक्याला शेळगावात कुणी भीत नव्हतं.

"पटका बांधा की, तात्या. न्हायतर पुन्यांदा समदा गाव रडाया बसंल." ती हात धुता धुता बोलत होती. "तुमाला सांगते, माझा बापबी घालतो हो आता. हितं येतो तवा डोक्यावरच असतं. कळसमदी कुणाला सांगू नगं म्हणलाय, पर तुमाला काय चोरी? लई बरं झालं बगा. रात्री झोप लागती मला आता."

तात्याबाचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. जो शब्द उभ्या आयुष्यात कधी बोलावा लागला नव्हता, तो आता कुठून आणायचा?

"बांधा की पटका," जयवंता पुन्हा म्हणाली.

त्यानं पिशवीतून पटका काढला. बांधला नाही. खांद्यावर टाकला.

जयवंताच्या हातातलं पातेलं खाली गेलं. ती त्या पटक्याकडं बघत राहिली, मग त्याच्या डोक्याकडं, मग त्याच्या तोंडाकडं. हळूच उंबऱ्यावर टेकली.

"कोण?" तिनं विचारलं.

"तुझा बाप, पोरी," तात्याबा म्हणाला. "ओढ्यापतुर डोक्यावरच व्हतं गं त्याच्या. गावात शिरताना काढलं त्यानं."